बांधाच्या पायथ्याची फुलं

फार पूर्वी, जत्रेचा दिवस पंचांगात न बघता परडीत बघत असत, तेव्हाची ही गोष्ट. एका गावात एक माळी होता. तळ्याकाठची राजाची बाग त्याच्या हाती होती, आणि ती परडीही त्याच्याच हाती होती.

परडीची रीत अशी होती. वसंतपंचमी झाली की माळ्याने रोज सकाळी बागेत हिंडायचं आणि वसंताची काही खूण सापडली तर ती परडीत घालून दरबारात न्यायची. कधी पांगाऱ्याची पहिली पाकळी, कधी काटेसावरीचं फूल, कधी एखाद्या पाखराने घरट्यासाठी उचललेली आणि चोचीतून पडलेली काडी. पाच खुणा जमल्या की राजा वसंताच्या जत्रेचा दिवस ठरवायचा. त्या जत्रेत तळ्याची ओटी भरायची, आणि ओटी भरल्याशिवाय गावात लग्नाचा मुहूर्त धरायचा नाही. त्यामुळे फाल्गुन लागला की उपवर मुलींचे बाप ज्योतिषाला सोडून माळ्याला रामराम घालत.

तळं गावाच्या वरच्या अंगाला होतं. तळं आणि गाव यांच्यामध्ये मातीचा लांबलचक बांध होता. बांधाच्या आतल्या बाजूला पाणी आणि बाग. बाहेरच्या बाजूला, बांधाच्या पायथ्याशी, नुसतं कोरडं माळरान. तिथे एकच घर होतं, पाटकरणीचं. तिचा नवरा पाटकरी होता, म्हणजे तळ्याचं पाणी पाटाने शेतांना सोडायचं आणि बांधाची राखण करायची, हे त्याचं काम. तो दोन वर्षांपूर्वी वारला. त्याच्या जागी दुसरा माणूस नेमायचा विषय निघाला तेव्हा प्रधान म्हणाला होता, "बांधाला राखणदार कशाला? बांध काय कुठे पळून जाणार आहे? माळी तिथेच असतो, तो ठेवील लक्ष." दरबार हसला आणि तो विषय तिथेच संपला. माळ्याला बांधातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण राजापुढे "मला येत नाही" म्हणायचं त्याला धाडस झालं नाही.

माळी तसा वाईट नव्हता. कामाला वाघ होता. पण दरबाराची पायरी चढला की वाघाची शेळी व्हायची. राजा नुसता खाकरला तरी हा दोन पावलं मागे सरायचा.

त्या वर्षी थंडी हटेना. माघात हिव पडलं आणि बागेतल्या कळ्या भाजल्यासारख्या काळ्या पडल्या. पांगारा नुसता काट्यांनिशी उभा होता. पळसावर एक ठिपका नव्हता. एरवी माघातच तांबट पक्षी दिवसभर टुक टुक करून डोकं उठवायचा, त्याचा आवाज नव्हता. कोकिळ कुठे दडी मारून बसला होता देव जाणे. फाल्गुन लागल्यावरही बारा दिवस माळी रिकामी परडी घेऊन गेला. तेराव्या दिवशी राजाने परडीत डोकावूनही पाहिलं नाही.

"माळ्या," राजा म्हणाला, "शेजारच्या राज्यात कालच जत्रा झाली. आमचा वसंत काय वाट चुकला? उद्या परडी रिकामी आली, तर परवा ती दुसऱ्याच्या हातात दिसेल."

माळी घरी आला तो ताप भरलेल्या माणसासारखा. रात्रभर कूस बदलत राहिला आणि झुंजूमुंजू होताच बागेत गेला. झाडन् झाड पाहिलं, फांदी वाकवून पाहिली. काही नाही. बाग इतकी गप्प होती की त्याला स्वतःच्या वहाणांची कुरकुर ऐकू येत होती. आता बायकापोरांना घेऊन कुठे जायचं, हाच विचार डोक्यात घेऊन तो बांधावर चढला आणि सहज पलीकडे पाहिलं.

पलीकडच्या कोरड्या माळावर, बांधाच्या अगदी पायथ्याशी, एक हिरवा पट्टा पसरला होता. त्यात फुलं होती. गोरखमुंडीचे जांभळे गोंडे, पाणलवंगेची पिवळी फुलं, माक्याचे पांढरे ठिपके. वरती चतुर किडे भिरभिरत होते. मधोमध एक ढोकरी मान आखडून उभी होती. ढोकरी म्हणजे तो बगळ्यातला मातकट पक्षी, पाण्याच्या काठी तासन्‌तास उभा राहून मासे टिपणारा. तिच्या पाठीवर वसंतातला तांबूस पिसारा आला होता.

माळ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कोरड्या माळावर ही हिरवळ कशी, ढोकरी तिथे काय टिपते, असलं काही त्याच्या मनातही आलं नाही. बुडत्याला काडी सापडली तर तो ती कुठल्या झाडाची आहे हे विचारत नाही. तो धावत खाली उतरला. तीन रंगांची फुलं, ढोकरीचं एक पीस आणि चतुराचा गळून पडलेला पंख त्याने परडीत घातला. पाच खुणा झाल्या.

दरबारात परडी पाहून राजाचा चेहरा खुलला. "सगळी बाग करपली आणि ही फुलं कुठली?"

"बांधाच्या बाहेरच्या अंगाला आहेत, महाराज. पायथ्याशी."

"त्या खडकाळ माळावर?" राजाने भुवया चढवल्या. "तिथे तर कुसळ उगवत नाही. तिथे फुलं आली कशी?"

माळी गोंधळला.  तेवढ्यात प्रधानच मदतीला धावून आला. "कशी म्हणजे? माळ्यानेच पाणी घालघालून फुलवली असणार. बाग करपलेली पाहून गुपचूप नवी जागा केली असेल. काय रे, खरं ना?"

सगळा दरबार माळ्याकडे बघत होता, आणि कधी नव्हे ते कौतुकाने बघत होता. "नाही" एवढाच शब्द बोलायचा होता. माळी म्हणाला, "होय महाराज."

एकदा होय म्हटल्यावर पुढचं आपोआप तोंडातून यायला लागलं. पहाटे उठत होतो. कावडीने पाणी वाहत होतो. खांदे सोलून निघाले. लोक "वा, वा" करत होते आणि माळी हरभऱ्याच्या झाडावर चढत होता. राजाने स्वतःच्या अंगावरची शाल काढून त्याच्या त्या म्हणे सोललेल्या खांद्यांवर घातली.

"आजपासून आठव्या दिवशी जत्रा," राजाने जाहीर केलं. "आणि यंदा जत्रा बागेत नाही. जिथे माळ्याने माळावर वसंत आणला, तिथेच. पोरांची पंगत त्या फुलांमध्ये बसवा."

शाल पांघरून माळी घरी आला. माळीण चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग पिठाचे हात तसेच ठेवून ती म्हणाली, "कावडीनं पाणी वाह्यलं म्हणता? आपली कावड तर संक्रांतीपासनं मोडून पडलीया."

"हळू बोल."

"मग पाणी घातलं कुणी?"

 हा प्रश्न दरबारात कुणी विचारला नव्हता, आणि माळ्याने स्वतःलाही विचारला नव्हता. पाणी घातलं कुणी? त्याने हातातली भाकरी तशीच ताटात ठेवली.

"उद्या जाऊन खरं सांगा," माळीण म्हणाली. "हसतील, शाल काढून घेतील. घेऊ द्यात. आपण काय शालीवाचून कुडकुडून मेलो न्हवतो."

"उद्या सांगतो," माळी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो दरबारात न जाता बांधाकडे गेला. हिरवा पट्टा कालच्यापेक्षा दोन हात रुंद झाला होता. त्याने गोरखमुंडीच्या रोपाशी बोट खुपसलं. बोट सरळ आत गेलं आणि बाहेर काढताच त्या भोकात पाणी भरलं. थंडगार, स्वच्छ पाणी. माळ्याने हात झटकला. मान वर करून त्याने बांधाच्या मातीच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे दरवर्षी खंड्या पक्ष्याची जोडी बीळ कोरून अंडी घालायची. या वर्षीही त्यांनी बीळ कोरलं होतं, पण ते सोडून दिलं होतं. बिळाच्या तोंडातून पाण्याचा एक बारीक ओघळ येत होता.

 त्याला बांधातलं कळत नव्हतं हे खरं, पण ज्या भिंतीतून पाखराने बिऱ्हाड हलवलं ती भिंत चांगली नाही, एवढं कुणालाही कळतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "माळ्या, तुझ्या हाताला गुण हाय रं बाबा."

पाटकरीण होती. ओच्यात घोळाची भाजी खुडून घेत होती. म्हातारी पाठीत वाकली होती, पण डोळे लखलखीत होते.

"माझ्या दारात कवा हिरवं पान बघितलं न्हवतं," ती म्हणाली. "आता भाजी हाय. हिरीला बी पाणी चढलंय, फाल्गुनात! हात बुडवून घागर भरतीया मी. समदं तुझ्या कावडीचं पुण्य."

"आजी," माळ्याने चिखलाकडे बोट दाखवलं, "ही ओल... ही ओल तुम्हाला कशी वाटते?"

म्हातारी हसली. "खरं सांगू? काल भनीच्या गावावरनं महिन्यानं परतले आन् पयल्यांदा बघितली, तवा माझी पाचावर धारण बसली. माझा म्हातारा या अंगाला ओल दिसली की जेवायचा न्हाई. म्हणायचा, बांधानं घाम गाळला तर जागं ऱ्हायचं, पर घाम गढूळ झाला तर मागं न बघता पळायचं. बांधाची माती पाण्यासंगं निघाली असं समजायचं." तिने घोळाची जुडी बांधली. "मी तशीच चावडीवर सांगाया निघाले हुते. वाटंत कळलं की तू पाणी घालतुयास. मग म्हटलं, घाल बाबा. पाणी घातल्यावर ओल व्हनारच की."

ती काठी टेकत घराकडे गेली. माळी चिखलात तसाच उभा राहिला.

आता त्याला खरी भीती वाटली. बांध फुटेल ही एक भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती ही, की ज्या एकीला बांधाची भाषा कळत होती, तिलाही त्याच्या थापेने आंधळं केलं होतं. गावात दुसरं कुणी शंका घेणार नव्हतं. कुणी म्हणालंच की इथे ओल कशी, तर दहाजण उत्तर देणार होते, माळी पाणी घालतो म्हणून. झालंही तसंच. मांडव घालायला आलेल्या सुताराने खांबाला खड्डा खणला आणि खड्डा पाण्याने भरला. सुतार बांधाकडे टकमक बघत राहिला. तेव्हा मुकादमच त्याला म्हणाला, "बघत काय बसलास? माळ्याने जरा सढळ हाताने पाणी घातलंय. खांब दोन हात अलीकडे घे."

माळी शेजारीच उभा होता.  पाणी अजून स्वच्छ आहे, तो स्वतःला म्हणाला. म्हातारीनेच सांगितलं ना, स्वच्छ असेल तर नुसतं जागं राहायचं. मी जागाच आहे.

आणि तो खरोखरच जागा होता. पाच दिवस त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात तशी गत. वाटेत कुणी "शाब्बास माळीबुवा" म्हटलं की तो दचकायचा. दिवसातून चारदा बांधाखाली जाऊन ओंजळीत पाणी घ्यायचा आणि उन्हात धरून बघायचा. बघणाऱ्या बाया म्हणत, काय माया आहे फुलांवर! माळीण रोज विचारायची, "सांगितलं?" तो रोज म्हणायचा, "उद्या." सहाव्या दिवशी तिने विचारायचं सोडलं. तिने दोन्ही पोरांचं बोचकं बांधलं आणि त्यांना बांधाच्या टोकाला असलेल्या टेकडीवर मावशीच्या घरी नेऊन ठेवलं.

ते पाहून माळ्याला सुटका झाल्यासारखं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी स्वतःची किळस आली. आपली पोरं टेकडीवर, आणि गावाची पोरं त्या फुलांत.

सातव्या दिवशी तो एकदाचा राजाकडे गेला. पायरीवर पाय ठेवेपर्यंत खरं सांगायचंच असं ठरलं होतं. पण आत पाहुण्या राज्यांचे सरदार बसले होते आणि राजा त्यांना सांगत होता, "हाच तो, ज्याने खडकावर फुलं आणली." सगळ्यांनी माना वळवल्या. माळ्याच्या तोंडून निघालं, "महाराज, जत्रा वरच्या बागेत घेऊ या. फुलांत साप निघालाय."

म्हणजे खऱ्याऐवजी दुसरी थाप. पहिल्या थापेने पोरांना तिथे बसवलं, आता दुसरी त्यांना उठवील असं त्याला वाटलं. राजाने लगेच दहा माणसं काठ्या देऊन पाठवली. त्यांनी संध्याकाळपर्यंत पट्टा झोडून काढला. साप कुठला निघायला! मुकादमाने येऊन सांगितलं, "जागा अगदी निर्धोक आहे, महाराज. आम्ही स्वतः बघून आलो." राजा म्हणाला, "माळ्याला आपल्या फुलांची काळजी. पोरं तुडवतील म्हणून जीव तुटतोय त्याचा." आणि सगळे मायेने हसले.

जत्रेचा दिवस उजाडला. ऊन सोनेरी होतं, आणि गंमत बघा, त्याच दिवशी कुठूनसा तांबट पहिल्यांदा बोलला. टुक, टुक, टुक. लोकांना आनंद झाला. माळ्याला तो आवाज कुणीतरी दारावर थापा मारत असल्यासारखा वाटत होता.

बांधाच्या पायथ्याशी ढोल वाजत होते. गावात म्हातारंकोतारंही उरलं नव्हतं, सगळं गाव तिथे लोटलं होतं. बाया ओटीची ताटं घेऊन बांधावर चढत होत्या. खाली फुलांमध्ये पत्रावळी मांडल्या होत्या आणि शंभरावर पोरं मांडी ठोकून बसली होती. चिखलात पाय भरले म्हणून एकमेकांना दाखवून खिदळत होती. पाटकरीण आजी त्यांना बुंदी वाढत होती.

माळी गर्दीतून वाट काढत खंड्याच्या बिळाखाली गेला. ओघळ आता करंगळीएवढा जाड झाला होता. त्याने ओंजळ धरली.

पाणी तांबडं होतं. ओंजळ रिती केली तरी तळहातावर मऊ मातीचा थर राहिला.

 क्षणभर त्याच्या मनात आलं की आपण नुसतं निघून जावं, टेकडीवर, पोरांकडे. कुणाला कळणारही नाही. तो दोन पावलं चाललाही. मग एका पोराने त्याचं धोतर ओढलं आणि विचारलं, "माळीबाबा, ही फुलं आम्ही घरी न्यायची का?" समोरचे दोन दात पडलेलं पोर. कुणाचं होतं तेही त्याला ठाऊक नव्हतं.

माळी वळला आणि थेट राजाच्या आसनापुढे जाऊन उभा राहिला. ढोल चालूच होते. त्याने ढोलक्याचा हात धरून ढोल थांबवला. कधी कुणी असं केलं नव्हतं.

"महाराज, पोरांना वर घ्या."

राजाच्या कपाळाला आठी पडली. "पुन्हा साप?"

"साप नव्हताच. सापाचं मी खोटं सांगितलं." माळी थांबला नाही. "आणि पाण्याचंही खोटंच सांगितलं. या फुलांना मी घागरभरसुद्धा पाणी घातलेलं नाही. एक थेंब नाही."

 मग राजा मोठ्याने हसला. त्याला वाटलं, सणाच्या दिवशी माळ्याला सत्याची उबळ आली. "तू नाही घातलंस तर वसंताने घातलं! चल, माफ केलं." प्रधान हसला, पाहुणे हसले, सगळं गाव हसलं.

पाटकरीण हसली नाही. तिच्या हातातली बुंदीची परात तिने सावकाश खाली ठेवली. वाकून मूठभर चिखल उचलला आणि बोटांत चोळला. मग तिने एकदाच बांधाकडे पाहिलं, आणि त्या वाकलेल्या देहातून असा आवाज आला की घोडे बिथरले.

"पोरं उचला. आपली शोधत बसू नगा. हाताला लागंल ते पोर उचला आन् टेकडीवर पळा."

तिने कारण सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. पाटकऱ्याच्या बायकोने बांधाखाली उभं राहून पळा म्हटल्यावर त्या गावात कुणी कारण विचारत नसे. पत्रावळी तुडवत, चपला टाकून माणसं धावली. सरदारांनी पोरं खांद्यावर घेतली. राजाने स्वतः दोन काखोटीला मारली. बांधावरच्या बाया ताटं तशीच टाकून टेकडीच्या बाजूने उतरल्या. माळी पुन्हा पुन्हा खाली जात होता. पंगत रिकामी झाल्यावरही तो मांडवाखाली, ढोलामागे, गाड्याखाली बघत राहिला, एखादं राहिलं तर नाही ना म्हणून. शेवटी सुताराने त्याला दंडाला धरून वर ओढलं.

ते टेकडीच्या निम्म्यावर असतानाच खंड्याच्या बिळाभोवतीची भिंत आत बसली. फार मोठा आवाज झाला नाही. ओली माती खचते तसा धप्प आवाज आला, आणि मग तळं त्या वाटेने निघालं. फुलं गेली, मांडव गेला, बैलगाड्या गेल्या. पाटकरणीचं घर आधी एका बाजूला कललं आणि मग दिसेनासं झालं. गावच्या खालच्या आळीत छातीइतकं पाणी शिरलं. बांध कुठे पळून जाणार म्हणणारा प्रधान टेकडीवर उभा राहून त्याला जाताना बघत होता.

आयांनी पोरं मोजली. प्रत्येकीच्या कडेवर दुसरीचंच पोर होतं, म्हणून बराच वेळ रडारड आणि देवाणघेवाण चालली. शेवटी हिशेब जुळला. एकही पोर गेलं नव्हतं.

मग लोकांना माळ्याची आठवण झाली. "माळ्यामुळे वाचलो," कुणीतरी म्हणालं. सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. कुणी पाया पडलं. राजाने गळ्यातला कंठा काढला आणि म्हणाला, "माळ्या, तू आज शंभर पोरं वाचवलीस."

पुन्हा सगळे कौतुकाने बघत होते. या वेळीही नुसतं "होय महाराज" म्हणायचं होतं. किंवा तेही नको, नुसती मान खाली घालून उभं राहिलं तरी पुरत होतं.

"मी वाचवली नाहीत," माळी म्हणाला. "मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. ओल पाहिली होती, बीळ पाहिलं होतं. आजींनी ओळखलं असतं, पण माझ्या थापेने त्यांना गप्प केलं. त्यानंतर रोज बघत होतो आणि रोज गप्प बसत होतो."

राजाचा हात कंठ्यासकट तसाच राहिला. गर्दीतून एक बाई पुढे आली. तिच्या कडेवर ते दोन दात पडलेलं पोर होतं.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"सात."

 तिने पोराचं डोकं खांद्यावर दाबून घेतलं आणि ती निघून गेली. तिच्या मागोमाग एकेकजण निघून गेला.

राजाने त्याला हद्दपार केलं नाही. नवा बांध घालायला माणसं लागणार होती. दोन उन्हाळे माळी सगळ्यांबरोबर मातीच्या पाट्या वाहत राहिला. या वेळी त्याचे खांदे खरोखर सोलून निघाले, पण ते कुणी विचारलं नाही. लोक त्याला पाट्या देत-घेत, बोलत मात्र नसत. पाटकरीण आता माळ्याच्याच घरी राहत होती, कारण माळिणीने तिला हाताला धरून आणलं होतं. म्हातारीसुद्धा त्याच्याशी बोलत नव्हती.

बांध पुरा झाला त्या दिवशी ती भाकरी घेऊन आली आणि त्याच्यासमोर दगडावर बसली.

"माळ्या, ह्या अंगाला ओल दिसली तर काय करशील?"

"सांगेन."

"कुनाला? राजाला?"

"जो पहिला भेटेल त्याला," माळी म्हणाला. "राजाकडे जाईपर्यंत माझं मन बदलतं."

 मग म्हातारीने भाकरी मोडून अर्धी त्याच्या हातावर ठेवली.

त्या गावात अजूनही लहान मुलाची कुणी जरा जास्त वाखाणणी केली की घरातलं मोठं माणूस चटकन विचारतं, "तूच केलंस ना रे?" आणि पोर "नाही" म्हणालं तर त्याला जवळ घेतं.

तात्पर्य: आपण न केलेल्या कामाची शाबासकी घेतली की पुढचं खरं बोलायला जीभ उचलत नाही, आणि आपल्या थापेवर विश्वास ठेवून जाणती माणसंही डोळे मिटून घेतात. म्हणून "हे माझं नव्हे" हे पहिल्याच दिवशी सांगावं. आठव्या दिवशी ते ऐकायला सगळे जागेवर असतीलच असं नाही.